गाण्यामागचा खरा माणूस कसा शोधायचा

लोकप्रिय गाण्यात कुणाचं नाव आलं की ऐकणारा हमखास विचारतो, ही कोण? इंटरनेटवर उत्तर तयारच असतं. प्रत्येक गाजलेल्या नावापुढे कुणाचा तरी फोटो लावलेला असतो आणि खाली दोन ओळींची गोष्ट असते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी ऐकीव असतात, आणि ज्या खऱ्या असतात त्याही बहुधा अर्ध्याच खऱ्या असतात.

याचं कारण गाणं लिहिण्याच्या रीतीतच आहे. माणूस सगळाच्या सगळा गाण्यात क्वचितच उतरतो. नाव एकाचं असतं, प्रसंग दुसऱ्याच्या आयुष्यातला असतो आणि ज्या ओढीने गाणं लिहिलं गेलं ती तिसऱ्याबद्दलची असते. अमेरिकी गायिका डॉली पार्टनच्या १९७३ च्या ‘जोलीन’ या गाण्याचंच बघा. नाव मिळालं ते सही मागायला आलेल्या एका लाल केसांच्या लहान मुलीकडून. नवरा हिरावून नेईल अशी भीती वाटायला लावणारी बाई मात्र बँकेतली एक कर्मचारी होती. हे पार्टनने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. आता ‘खरी जोलीन कोण’ याला एका नावाचं उत्तर कसं देणार? म्हणून शोध सुरू करतानाच प्रश्न बदलून घ्यावा: या गाण्यातला कुठला भाग कुणाकडून आला? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाला धरून आहेत.

पायरी १: गाणं नेमकं कधी आणि कुणी लिहिलं ते ठरवा

रेकॉर्ड बाजारात आल्याची तारीख सहज मिळते, पण तिचा फारसा उपयोग नसतो. तुम्हाला हवी ती लिहिल्याची तारीख, आणि ती नाही मिळाली तर निदान रेकॉर्डिंगची. कारण एक साधी कसोटी पुढे सतत लागणार आहे: गाणं लिहिण्याआधी या माणसाची आणि गीतकाराची गाठ पडली होती का, किंवा गीतकाराने त्याच्याबद्दल कुठे वाचलं होतं का? तारीखच माहीत नसेल तर ही कसोटी लावता येत नाही.

गायक आणि गीतकार एकच आहेत असंही धरून चालू नका. डिस्कॉग्स या संकेतस्थळावर जुन्या रेकॉर्डच्या लेबलांचे फोटो असतात, तिथे कंसात छापलेली नावं बघा. अमेरिकी गाण्यांसाठी अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांची ‘साँगव्ह्यू’ ही यादी फुकट पाहता येते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाचे जुने छापील नोंदणी-खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. नोंदणीची तारीख रेकॉर्ड येण्याच्या आधीची निघाली, तर तेवढाच शोधाचा काळ आखूड होतो.

लेबलवरचं नाव हा मात्र शेवटचा शब्द नसतो. ‘पेगी स्यू’ हे १९५७ चं गाणं बडी हॉलीचं म्हणून जग ओळखतं, पण पहिल्या रेकॉर्डवर श्रेय होतं ते ड्रमवादक जेरी अ‍ॅलिसन आणि निर्माता नॉर्मन पेटी यांना. गाण्याचं मूळ नावही वेगळं होतं. हॉलीने ते आपल्या भाचीच्या नावावरून ‘सिंडी लू’ म्हणून सुरू केलं होतं. मग अ‍ॅलिसनच्या मैत्रिणीचं नाव त्यात आलं. पुढे या दोघांचं लग्नही झालं. फक्त लेबल वाचणारा यातलं निम्मं कधीच गाठणार नाही.

पायरी २: शब्द सुटे करा

गाणं कागदावर उतरवून घ्या आणि त्यातली प्रत्येक तपासता येण्याजोगी गोष्ट वेगळी लिहा: नाव, गाव, वार, वेळ, धंदा, नातं, कपडे, केसांचा रंग. मग प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न विचारा. ही इथे यमकासाठी किंवा चालीत बसण्यासाठी आली असेल का?

नावाच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. नील डायमंडने ‘स्वीट कॅरोलाइन’बद्दल २००७ मध्ये सांगितलं, की राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मुलीचा मासिकातला फोटो पाहून ते सुचलं. २०१४ मध्ये त्याच गीतकाराने सांगितलं, की गाणं आपल्या तेव्हाच्या पत्नीबद्दल होतं, पण चालीत बसायला तीन अक्षरी उच्चाराचं नाव हवं होतं आणि तिचं नाव दोन अक्षरी होतं. लोकांनी यावर ‘आधी खोटं बोलला’ असा निष्कर्ष काढला. मला तो घाईचा वाटतो. नाव फोटोतून आलं आणि माया घरातून, असं धरलं तर दोन्ही विधानं एकत्र नांदतात. गीतकाराची दोन विधानं जुळत नसली, तर ती गाण्याच्या वेगवेगळ्या भागांबद्दल आहेत का हे आधी बघावं.

आणि नाव माणसाचंच असेल असंही नाही. बीटल्सच्या ‘मार्था माय डियर’मधली मार्था ही त्यांच्यातल्याच पॉल मॅकार्टनीची कुत्री होती, ओल्ड इंग्लिश शीपडॉग जातीची.

पायरी ३: गीतकार काय म्हणाला, ते तारखेने लावा

एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये गीतकाराचं प्रत्येक विधान लिहा: कधी बोलला, कुणाशी, कुठे छापून आलं. मग जुन्याकडून नव्याकडे वाचा. गाणं येऊन सहा महिने झाले असताना दिलेली मुलाखत आणि चाळीस वर्षांनी टीव्हीवर सांगितलेला किस्सा यांचं वजन सारखं नसतं. चाळीस वर्षांत तोच प्रश्न शेकडो वेळा विचारला गेलेला असतो, आणि उत्तराला एक ठरलेला आकार आलेला असतो.

जुन्या मुलाखती मिळवायला वर्ल्ड रेडिओ हिस्टरी हे संकेतस्थळ म्हणजे खजिना आहे. ‘बिलबोर्ड’, ‘कॅश बॉक्स’, ‘मेलडी मेकर’ अशा मासिका-साप्ताहिकांचे अंकच्या अंक तिथे स्कॅन करून ठेवले आहेत, तेही फुकट. ‘बिलबोर्ड’ आणि ‘लाइफ’चे बरेच अंक गूगल बुक्सवरही सलग वाचता येतात. मुलाखत दुसऱ्या कुणीतरी उद्धृत केलेली सापडली तर तेवढ्यावर थांबू नका. मूळ अंक उघडा. उद्धृत करताना मधलं वाक्य गळतं, आणि नेमकं त्याच वाक्यात गीतकाराने ‘बहुतेक’ म्हटलेलं असतं.

पायरी ४: वर्तमानपत्रात शिरा

या शोधाचा सगळ्यात समाधान देणारा भाग हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बीटल्सच्या ‘शीज लीव्हिंग होम’ या गाण्यात एक तरुण मुलगी पहाटे घर सोडून जाते. मॅकार्टनीने सांगितलं होतं की हे वर्तमानपत्रातल्या बातमीवरून सुचलं. रेकॉर्डिंग १९६७ च्या मार्चच्या मध्यात सुरू झालं. म्हणजे बातमी त्याआधीच्या काही आठवड्यांतली असणार. आणि तशी ती आहे: २७ फेब्रुवारी १९६७ चा ‘डेली मेल’. सतरा वर्षांची, शिकणारी मुलगी गाडी आणि कपडे मागे ठेवून नाहीशी झाली होती, आणि तिला इथे काय कमी होतं असा वडिलांचा सूर होता. गाण्यातल्या आईबापांचा सूर नेमका तोच आहे.

आता सुट्या केलेल्या गोष्टी बातमीशी आणि त्या मुलीने पुढे स्वतः दिलेल्या मुलाखतींशी ताडून बघा. गाण्यात ती पहाटे जाते, प्रत्यक्षात ती दुपारी गेली होती. गाण्यातला प्रियकर मोटारींच्या धंद्यातला आहे, खरा जुगारघरात काम करणारा होता. आईबापांचा हतबल प्रश्न खरा. म्हणजे प्रसंग आणि भाव बातमीतून आले, तपशील गीतकाराने रचले. याच मुलीला १९६३ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमातल्या स्पर्धेचं बक्षीस मॅकार्टनीच्याच हातून मिळालं होतं, आणि बातमी वाचताना त्याला याचा पत्ता नव्हता. असा योगायोग सापडला की संशोधकाला मोह होतो तो त्यालाच पुरावा मानण्याचा. तो पुरावा नाही. पुरावा आहे ती बातमीची तारीख आणि गीतकाराचं विधान.

शोधताना या गोष्टी पाळा:

- काळाची चौकट आधी आखा. लिहिल्याच्या किंवा रेकॉर्डिंगच्या तारखेपासून मागे दोन-तीन महिने. त्याबाहेर सुरुवातीला जाऊच नका.
- नावाने शोधू नका, प्रसंगाने शोधा. गाण्यातलं नाव बदललेलं असण्याची शक्यता मोठी असते. प्रसंग कमी बदलतो.
- स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरं संगणकाने ओळखलेली असतात आणि त्यात चुका असतात. एका शब्दाने काही मिळालं नाही तर त्याच अर्थाचे दुसरे दोन-तीन शब्द घ्या, आणि शेवटी त्या तारखांची पानं सरळ डोळ्यांनी चाळा.
- बातमी सापडली की पान, रकाना, तारीख यासकट प्रत साठवा. नुसता दुवा ठेवला तर वर्षभरात तो मरतो.

कुठे शोधायचं? ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह पैसे घेऊन चालतं. ‘डेली मिरर’ आणि बरीच गावोगावची पत्रं तिथे आहेत. ‘डेली मेल’चा जुना संग्रह गेल या कंपनीकडे आहे आणि तो ग्रंथालयांमार्फत उघडतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ पूर्ण फुकट आहे. तिथली बहुतेक वर्तमानपत्रं १९५४ पर्यंतची असली तरी ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ १९८२ पर्यंत आहे. पॉप गायकांच्या मुलाखतींसाठी असली साप्ताहिकं सोडू नयेत. भारताशी संबंध असलेल्या गाण्यांसाठी ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या कंपनीच्या डिजिटल संग्रहात आहेत. आपल्याकडच्या काही विद्यापीठांची ग्रंथालयं तो घेतात, परदेशात शिकणाऱ्या मुलांना तो बहुतेक वेळा घरबसल्या मिळतो. भाचा-भाची तिकडे असेल तर एवढं काम हक्काने सांगावं.

पायरी ५: स्मशानं आणि सरकारी नोंदी, पण जपून

लिव्हरपूलच्या वुल्टन भागात सेंट पीटर्स चर्चच्या आवारात एका थडग्यावर एलेनॉर रिग्बी हे नाव कोरलेलं आहे, आणि याच नावाचं बीटल्सचं गाणं आहे. मृत्यू १० ऑक्टोबर १९३९, वय ४४. याच चर्चच्या जत्रेत ६ जुलै १९५७ रोजी बीटल्समधले जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले. जवळच मॅकेन्झी आडनावाचाही दगड आहे, आणि गाण्यातल्या पाद्र्याचं आडनाव मॅकेन्झी. एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल, झालं, सापडली.

आता गीतकाराची बाजू लावून बघा. मॅकार्टनीच्या सांगण्यानुसार सुरुवातीला मनात डेझी हॉकिन्स हे नाव होतं. ‘एलेनॉर’ आलं ते बीटल्सबरोबर ‘हेल्प!’ चित्रपटात काम केलेल्या अभिनेत्री एलेनॉर ब्रॉनवरून. ‘रिग्बी’ आलं ते ब्रिस्टलमधल्या एका मद्यव्यापाऱ्याच्या दुकानाच्या पाटीवरून. पाद्री आधी ‘फादर मॅकार्टनी’ होता. ते आपल्या वडिलांसारखं वाटेल म्हणून टेलिफोनच्या डिरेक्टरीतून दुसरं नाव काढलं. आणि गाण्यातल्या एकाकीपणाचा उगम सांगताना तो लहानपणी ज्या एकट्या म्हाताऱ्या बायकांची कामं करायला जायचा, त्यांच्याकडे बोट दाखवतो. थडग्याबद्दल विचारलं तेव्हा त्याने एवढंच मान्य केलं, की नाव नकळत मनात राहिलं असेल.

२००८ मध्ये लिव्हरपूलच्या एका रुग्णालयाची १९११ ची पगारनोंद लिलावात १,१५,००० पौंडांना गेली, कारण तीत ई. रिग्बी या स्वयंपाकघरातल्या मोलकरणीची सही होती. १९११ मध्ये थडग्यातली एलेनॉर सोळा वर्षांची होती, म्हणजे सही तिची असणं शक्य आहे. पण सही तिची ठरली तरी त्यातून गाण्याबद्दल काय सिद्ध होतं? त्या बाईचं आयुष्य सिद्ध होतं, बस. मॅकार्टनीने तेव्हाही आपलं पात्र काल्पनिक असल्याचं सांगितलं.

नाव जुळणं आणि संबंध असणं यांतलं अंतर मोजायला इथे एक काम करता येतं: नाव किती प्रचलित होतं ते बघणं. इंग्लंड आणि वेल्सच्या १८३७ पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या सूच्या फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. रिग्बी हे लँकेशरचं जुनं, भरपूर पसरलेलं आडनाव आहे. लिव्हरपूलच्या स्मशानात रिग्बी सापडणं हे कोल्हापुरात पाटील सापडण्यासारखं आहे. याउलट नाव खरोखर विरळा असेल तर जुळण्याला किंमत येते. इंग्लंडची १९२१ ची आणि अमेरिकेची १९५० ची जनगणना, दोन्ही २०२२ मध्ये खुल्या झाल्या. फॅमिलीसर्च हे वंशावळी शोधण्याचं संकेतस्थळ फुकट आहे. जिवंत माणसांबद्दल या ठिकाणी खणू नका. त्याबद्दल पुढे.

पायरी ६: जागेची दंतकथा तपासा

ब्राझीलच्या ‘गरोता दे इपानेमा’ (‘इपानेमाची मुलगी’) या गाण्याची गोष्ट पर्यटकांना अशी सांगतात: रिओच्या वेलोसो बारमध्ये बसलेल्या संगीतकार टॉम जोबीम आणि कवी विनिसियस दे मोराइस यांनी समुद्राकडे जाणारी मुलगी पाहिली आणि तिथेच टेबलावर गाणं लिहिलं. मुलगी खरी आहे. हेलो पिनेरो तिचं नाव, आणि दे मोराइस यांनी १९६५ मध्ये ते जाहीर केलं. बारमध्ये बसून त्यांनी तिला पाहिलं हेही खरं. टेबलावर लिहिलं हे मात्र नाही. चाल जोबीमने घरी पियानोवर बांधली, शब्द दे मोराइस यांनी पेत्रोपोलिस या दुसऱ्या गावात लिहिले, आणि पहिला मसुदा एका संगीतिकेसाठी होता, वेगळ्या शब्दांचा. गाणं लोकांसमोर आलं ते ऑगस्ट १९६२ मध्ये कोपाकबानातल्या एका क्लबात.

बारचं नाव आज गाण्यावरून आहे आणि रस्त्याला कवीचं नाव आहे. अशा ठिकाणी जागाच साक्षीदार होऊन बसते. पण पाटी गाणं गाजल्यावर लागते. म्हणून कुठल्याही स्मारकाबद्दल पहिला प्रश्न: हे कधी आणि कुणी लावलं?

याच प्रकरणात पैशाचा प्रश्नही दिसतो. हेलोने गाण्याच्या नावाचं दुकान काढलं तेव्हा २००१ मध्ये दोन्ही रचनाकारांच्या वारसांनी तिच्यावर दावा लावला. निकाल तिच्या बाजूने लागला, आणि दे मोराइस यांनी तिच्याबद्दल त्या काळी जे लिहून ठेवलं होतं ते तिच्या उपयोगी पडलं. ‘ती मीच’ म्हणणाऱ्याचा फायदा कशात आहे हे जरूर नोंदवा. पण फायदा असला म्हणून दावा खोटा ठरत नाही. जुना लेखी आधार आहे का, हे बघायचं.

पायरी ७: जिच्यावर गाणं आहे तिचंही ऐका

हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स आले, तेव्हा अभिनेत्री मिया फॅरोची बहीण प्रुडन्स तिथे ध्यान शिकवण्याचं प्रशिक्षण घेत होती. ती खोलीत तासन्तास ध्यानाला बसायची. तिला बाहेर बोलावणारं ‘डियर प्रुडन्स’ लेननने लिहिलं. पुढे १९८० च्या मुलाखतीत त्याने तिचं वर्णन जवळजवळ भान हरपलेली मुलगी असं केलं. तिच्या दृष्टीने मात्र ती ज्यासाठी आली होती ते मन लावून करत होती. तिने पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून दक्षिण आशियाच्या अभ्यासात डॉक्टरेट मिळवली आणि २०१५ मध्ये आपली आठवण पुस्तकरूपाने लिहिली.

गाण्याबद्दलचे जवळजवळ सगळे लेख लेननचीच बाजू उचलतात. मला हा अन्याय वाटतो, आणि संशोधन म्हणूनही ते कच्चं आहे. गाणं कसं सुचलं यावर गीतकाराचा अधिकार मोठा, पण ती खोलीत काय करत होती यावर तिचा. वहीत गीतकाराच्या विधानांशेजारी दुसरा रकाना ठेवा, तो याच्यासाठी. हा आश्रम राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि २०१५ च्या अखेरीपासून तिकीट काढून बघता येतो. खोल्या किती लहान होत्या आणि एकमेकींना किती जवळ, हे तिथे उभं राहिल्यावर समजतं.

पायरी ८: जिवंत माणसाशी कसं वागायचं

शोध एखाद्या जिवंत, खासगी माणसापर्यंत पोचला तर तिथे वेग कमी करा. ज्याने स्वतः कधी जाहीर बोलायचं ठरवलं नाही, त्याचं नाव पहिल्यांदा तुम्ही छापू नका. पत्ता, नोकरीचं ठिकाण, मुलांची नावं हे तर कधीच नाही. संपर्क करायचाच तर प्रकाशक, संस्था किंवा ओळखीच्या मध्यस्थामार्फत एक पत्र पाठवा. त्यात तुम्ही कोण, काय सापडलं, काय विचारायचं आहे आणि ‘उत्तर दिलं नाहीत तरी चालेल’ हे स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा. दुसरं पत्र नको, नातेवाइकांना संदेश नकोत. वर ‘डेली मेल’मधल्या मुलीचं नाव मी दिलं नाही. तिने मुलाखती दिल्या आहेत आणि शोधणाऱ्याला ते मिळेल, पण पद्धत समजायला नावाची गरज पडली नाही, हेही तपासून बघण्यासारखं आहे.

पायरी ९: लिहिताना खात्रीची पातळी सांगा

शेवटी एकच नाव जाहीर करण्याऐवजी तुकड्यांनी लिहा: नाव अमुकवरून, गीतकाराने तमुक साली सांगितलं, प्रसंग अमुक बातमीतला, तारखा जुळतात, स्वभाव कुणाचा, आधार नाही. ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘फक्त नाव जुळतं’ अशा तीन पातळ्या पुरतात.

फाइल बंद मात्र करू नका. गायिका कार्ली सायमनचं ‘यू आर सो व्हेन’ हे एका गर्विष्ठ पुरुषाला उद्देशून असलेलं गाणं १९७२ चं. २००३ मध्ये एका धर्मादाय लिलावात पन्नास हजार डॉलर देणाऱ्याला तिने त्या पुरुषाचं नाव सांगितलं, ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर. २०१५ मध्ये तिने जाहीर केलं, की दुसरं कडवं अभिनेता वॉरन बीटीवर आहे आणि बाकीचा मजकूर आणखी दोघांवर. चाळीस वर्षं एका माणसाच्या नावावर पैजा लागल्या आणि माणसं निघाली तीन. अशा गाण्याच्या नोंदीत दोन जागा कोऱ्या ठेवायच्या आणि पुढच्या मुलाखतीची तारीख लिहायला रकाना मोकळा ठेवायचा.